हौदातला चिरा

आमच्या घरी स्विमिंग पूल आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे बघतो. मग राहता कुठे म्हणून विचारतो. बोरिवलीला, खाडीच्या अलीकडे, कामगारांच्या सोसायटीत, बैठं घर, असं म्हटलं की मी थापा मारतेय याची त्याला खात्री पटते. म्हणून मी आता पूल म्हणतच नाही. घरातही आम्ही त्याला हौदच म्हणायचो. सोळा फूट लांब, आठ फूट रुंद, आणि उभं राहिलं तर बाबांच्या छातीला पाणी लागेल एवढा खोल.

बाबा अंधेरीला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होते. मी सातवीत असताना त्यांनी कारखान्यातल्या दोन मित्रांना हाताशी धरलं आणि दर रविवारी खणून, बांधून मागच्या अंगणात हा हौद उभा केला. आईला तिथे खोली हवी होती. ती आठ दिवस बाबांशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी त्याच हौदात गोधड्या भिजत घातल्या. टाइल्स म्हणाल तर कुठल्या कुठल्या बाथरूममधून उरलेले पांढरे तुकडे, एकाचा पांढरा दुसऱ्याशी जुळत नव्हता. आणि पश्चिमेच्या भिंतीत, पाण्याच्या रेषेखाली हातभर, जांभ्याचा एक चिरा. जांभा म्हणजे कोकणातला तो तांबडा, भोकाभोकांचा दगड. गावच्या विहिरीचा कठडा नव्याने बांधला तेव्हा निघालेला हा चिरा बाबांनी एसटीच्या टपावर चढवून मुंबईला आणला होता. इतक्या लांबून दगड कशाला आणलात, असं लोक विचारायचे. बाबा म्हणायचे, हौस. पोहून दमले की ते त्याच्यावर तळवा टेकून डोळे मिटून उभे राहायचे. आई आतून म्हणायची, गेले बघा गावाला.

गाव मालवणच्या अलीकडे. बाबा सोळाव्या वर्षी तिथून निघाले ते गिरणीतल्या मामाकडे. रिटायर झाल्यावर परत जायचं, हे ते मला कळायला लागल्यापासून सांगत होते. आई म्हणायची, तुम्ही जा, मी या वयात चुलीपुढे बसणार नाही. मग ते जायचे नाहीत. दरवर्षी शिमग्याच्या आधी हा संवाद शब्दही न बदलता व्हायचा. आई गेली आणि संवाद थांबला. घरात मी आणि बाबा उरलो. मी लग्न केलं नाही, भाऊ बंगळुरूला स्थायिक झाला. बाबांना सोबत म्हणून मी आहे असं सगळे म्हणायचे. खरं तर ते उलट होतं. तीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलांना रीडिंग घ्यायला लावून संध्याकाळी दमून यायचं, तर दारात कुणीतरी 'आलंस गो' म्हणणारं हवं असायचं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत बाबा मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी वॉकर आला. वय ब्याऐंशी. फिजिओथेरपीवाली मुलगी चांगली होती, पण स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, आजोबांना छातीएवढ्या पाण्यात रोज अर्धा तास चालवा, पाणी वजन उचलतं, पाय तयार होतील. नाहीतर दोन-तीन महिन्यांत मांड्या विरघळतील आणि मग खुर्चीच. महापालिकेच्या तलावावर जायला बाबांनी साफ नकार दिला. म्हणाले, म्हाताऱ्याक चड्डीवर बघूक तिकीट लावतले. मी म्हटलं, काही अडत नाही, आपला हौद आहे.

आणि त्याच आठवड्यात शेजारचे दादा आले.

शेजारी म्हणजे जालन्याकडचं कुटुंब. सोसायटी झाली तेव्हापासून भिंतीला भिंत. दादा साठीचे, अतिशय सभ्य. दहा मिनिटं बाबांच्या तब्येतीबद्दल बोलले आणि मग मला त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. आमच्या बाजूची अख्खी भिंत ओली, रंगाचे पापुद्रे सुटलेले, खालच्या कपाटात बुरशी. भिंतीला हात लावून त्यांनी तो मला दाखवला. मग म्हणाले, ताई, भिंतीचं जाऊ द्या, भिंत मी पुन्हा रंगवीन, पण एवढं पाणी वाया जातंय ते बघवत नाही. आमच्याकडे टँकरच्या मागे अख्खं गाव पळतं. 

भावाला फोन केला. तो म्हणाला, डेब्रिज टाकून बुजवून टाक, वर शेड घाल, तुझी गाडी उभी राहील. मला गाडी नाही हे त्याला माहीत आहे. पण चूक तरी काय म्हणायची त्याची. शेजाऱ्याच्या घरात ओल सोडून हौद भरलेला ठेवणं बरं नव्हतंच. मग एक कंत्राटदार आला. हातोडीने दोन ठिकाणी टकटक केलं आणि सगळं तोडून नवीन करावं लागेल, पावसाळ्याआधी होईल, असं म्हणाला. तोवर बाबांच्या पायांचं काय झालं असतं ते फिजिओवालीने सांगूनच ठेवलं होतं. मी ठरवलं, आपणच करायचं. मला आधी फक्त गळती शोधायची होती, आणि शोधणं हा माझा धंदाच आहे.

हौद रोज थोडा उतरतो हे आम्हाला माहीत होतं. बाबा रोज सकाळी पंधरा मिनिटं बोअरचा पाइप त्यात सोडायचे. उन्हाने उडतं, म्हणायचे. पावसाळ्यातही उन्हाने उडतं म्हणायचे आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आता मी बादली भरून हौदाच्या दुसऱ्या पायरीवर ठेवली, बादलीत आणि हौदात पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खुणा केल्या. ऊन दोघांना सारखंच. दोन दिवसांनी बादलीतलं पाणी नखभर उतरलं होतं, हौदातलं चार बोटं.

पहिला संशय बोअरच्या पाइपवर. तो भिंतीतून आत येतो तिथे सिमेंट भेगाळलं होतं. ते खरवडलं, कोरडं केलं, दुकानदाराने दिलेली इपॉक्सीची लांबी, भेगा बुजवायचा तो लगदा, दाबून भरली, दोन दिवस वाळू दिली आणि आपण झकास काम केलं म्हणून स्वतःवर खूश झाले. पुन्हा बादली, पुन्हा खुणा. पुन्हा चार बोटं. आठवडा फुकट गेला. बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून हे सगळं बघायचे. काही म्हणायचे नाहीत. मला वाटलं, पडल्यापासून ते तसेच गप्प झालेत.

मग मी सरळ पाणी सोडून दिलं, म्हणजे वरून भरणं बंद केलं. जिथवर भोक आहे तिथवर पाणी उतरणार आणि थांबणार, यापेक्षा सोपं काही नाही. आठव्या दिवशी ते थांबलं. नवव्या, दहाव्या दिवशीही तिथेच. मी हौदात उतरून पाण्याच्या रेषेवर बोट ठेवून भिंतीच्या कडेकडेने चालत निघाले. तीन भिंतींत काही नाही. चौथ्या भिंतीत पाण्याची रेषा चिऱ्याच्या खालच्या कडेला टेकलेली होती.

खात्री म्हणून थोडं पाणी भरलं, ते हलायचं थांबेपर्यंत वाट बघितली आणि लॅबमधून आणलेल्या ड्रॉपरने कपड्यांची नीळ चिऱ्यापासून वीतभर अंतरावर सोडली. निळी रेघ जराही न पसरता चिऱ्याकडे गेली आणि त्याच्या भोकांत शिरली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वळून बघितलं तर बाबा माझ्याकडेच बघत होते.

"बाबा, चिऱ्यातनं जातंय," मी म्हटलं.

"माका म्हायत आसा."

"कधीपासून?"

"बसवलंय तेव्हापासून."

 बाबा गुडघ्यावरचं धोतर नीट करत होते, मी वर्गात चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर असतात तसे अगदी शांत.

"बावीचा पाणी येता नि जाता, म्हणान ता जिता रवता गो," ते म्हणाले. बाव म्हणजे गावची विहीर. "कोंडून घातलेला पाणी मरता. म्हणान एक वाट ठेवलंय."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. चिऱ्याच्या मागे सिमेंट नाही, जाड रेती आणि खडी भरलेली आहे. विहिरीत झरा असतो तसा हौदाला झरा देता येत नाही, पण पाण्याला जायला वाट देता येते. जेवढं जाईल तेवढं रोज नवं भरायचं. आणि पलीकडे तेव्हा स्वयंपाकघर नव्हतं. दादांच्या आईने लावलेली केळीची बाग होती, कडेला अळू. त्या माउलीला जालन्याची सवय, पाणी जपून घालायची आणि केळी कशी काय एवढी फोफावतात म्हणून देवाला हात जोडायची. दरवर्षी एक घड भिंतीवरून आमच्याकडे यायचा. मी लहानपणी ती केळी खाल्ली आहेत. ती आमच्याच हौदावर पोसलेली होती आणि हे मुंबई शहरात एकट्या बाबांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी दादांनी केळी काढून स्वयंपाकघर वाढवलं. काही चूक केली नाही, सगळ्या गल्लीने तेच केलं. आम्हीही पुढच्या अंगणात लाद्या घातल्या. पाण्याला जिरायला माती उरली नव्हती, म्हणून ते भिंत चढत होतं. बाबांना हे ओल दिसायच्या आधीच कळलं असणार. मी पाइपभोवती लांबी थापत होते तेव्हाही कळत होतं. सांगितलं असतं तर चिरा गेला असता, म्हणून ते खुर्चीत बसून राहिले होते.

मी त्यांना म्हटलं, बाबा, ओल थांबली नाही तर हौद बुजवावा लागेल. बुजवला तर तुम्ही चालणार कुठे? तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवायचं नाहीये मला. हे मी जरा चिडूनच म्हटलं. 

"मगे काढ," ते म्हणाले आणि वॉकर ओढत आत गेले.

दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी पंपाने उपसून काढलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन मी कोरड्या हौदात उतरले. मनात होतं की चिरा अख्खा काढायचा आणि तुळशीपाशी ठेवायचा. पण चाळीस वर्षं आतून बाहेरून पाणी प्यायलेला जांभा मऊ झाला होता. तिसऱ्या घावाला त्याचे दोन तुकडे झाले आणि मग तांबडा भुगाच हातात यायला लागला. मागून रेती घसरली, ओली, बारीक मुळं धरलेली. केळीची असावीत. मला रडू आलं आणि रडतच मी ते सगळं घमेल्यात भरलं. संध्याकाळी डेब्रिजच्या गोणींबरोबर तेही गेलं. आत टीव्हीचा आवाज मोठा होता. मराठी बातम्या, तिन्हीत्रिकाळ त्याच. बाबा आठवडाभर मागच्या दाराकडे फिरकले नाहीत.

पुढचं काम कुणालाही जमेल असं आहे, फक्त घाई करायची नाही. खड्डा झाडून धुतला, विटांचे तुकडे आणि सिमेंट-रेती थरथराने ठोकून भरली, सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचं औषध घातलं. वर प्लॅस्टरचे दोन हात. आठ दिवस ओलं गोणपाट लावून ठेवलं, सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर त्यावर पाणी मारलं. मग टाइल्स. घरात जुने तुकडे शिल्लक होते, तरीही नवी जागा कळून येते. हौद भरला. बादली, पेन्सिल, खुणा. सात दिवस बादली आणि हौद एकाच वेगाने नखानखाने उतरले. मी दादांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, ताई, तुम्ही आमच्याकडे जन्मायला हवं होतं. महिन्याभरात त्यांची भिंत वाळली आणि त्यांनी तिला पिस्ता रंग दिला.

डिसेंबरात बाबा पाण्यात उतरले. दुपारी बाराला, उन्हाने पाणी कोमट झाल्यावर. शनिवार-रविवारी अडचण नव्हती, इतर दिवशी मी अर्धी रजा टाकायची नाहीतर जेवणाच्या सुट्टीत रिक्षाने धावत यायचं. मी त्यांचे दोन्ही हात धरून उलटी चालायची, ते माझ्याकडे तोंड करून. पहिल्या दिवशी आठ फूट गेले आणि दमले. मी पश्चिमेच्या भिंतीकडे बघायचं टाळत होते. ते टाळत नव्हते, पण तिकडे जातही नव्हते. दम लागला की मधोमध उभे राहायचे. मी विचारलं, पाणी कसं आहे? म्हणाले, बरा आसा.

ते दिवस मला पुन्हा हवे आहेत. संक्रांतीपर्यंत वॉकर सुटला, काठी आली. पाण्यात हात धरलेले, तोंडासमोर तोंड, दुसरं करायला काही नाही, म्हणून बाबा बोलायचे. विहिरीला किती पायऱ्या होत्या, पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून त्यांच्या काकांनी त्यांना कसं ढकललं, उन्हाळ्यात झरे कुठल्या कोपऱ्यात गार लागायचे. चाळीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं त्या अर्ध्या अर्ध्या तासात बोलले. मी ऐकत होते आणि त्यांच्या चकरा मोजत होते. वीस फेऱ्या, पंचवीस, तीस. मला वाटायचं, ते जुन्या गोष्टी आठवतायत. म्हातारी माणसं आठवतातच.

महाशिवरात्र झाली त्या आठवड्यात एकदा हौदाच्या मधोमध ते थांबले आणि म्हणाले, आता मी शिमग्याक जातंय. मी म्हटलं, जाऊ या की, चार दिवस रजा टाकते. ते म्हणाले, तू कित्याक, तुझी नोकरी आसा. चुलतभावाशी बोलणं झालं होतं, पडवीतली खोली झाडून ठेवली होती, विहिरीचा गाळही काढायला सांगितला होता. हे सगळं फोनवर, मी कॉलेजात असताना. मी विचारलं, परत कधी येणार? ते माझ्या हातांकडे बघत होते.

"तुझी आवस नको म्हणायची," ते म्हणाले. "मगे पाय नको म्हणाले. आता नको म्हणणारा कोण नाय."

मी होते ना. त्यांच्यासमोर, छातीएवढ्या पाण्यात, त्यांचे दोन्ही हात धरून उभी होते. मी नको म्हटलं असतं तर ते राहिले असते, आईसाठी राहिले होते तसे, रोज थोडे थोडे उतरत. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी म्हटलं, अजून पाच फेऱ्या बाकी आहेत बाबा.

आता दुसरा शिमगा येऊन गेला. ते तिकडेच आहेत. रविवारी फोन करतात, आंब्याला मोहर किती आलाय ते सांगतात, तू कधी येतंस म्हणून विचारतात. मी दोनदा जाऊन आले. ते विहिरीच्या पायऱ्या उतरतात, हळू, पण उतरतात. मला तिकडे चार दिवसांनंतर करमत नाही आणि इकडे आल्यावर घर खायला उठतं. हौदात मी उतरत नाही. पाणी खराब होऊ नये म्हणून औषध टाकते, जाळीने पानं काढते. माझं काम पक्कं झालंय, पातळी हलत नाही.

ते गेले त्या दिवशी मालवणची बस बोरिवलीला हायवेवरून पकडायची होती. बस आली तेव्हा दादांनी बॅग डिकीत ठेवली. दाराला तीन पायऱ्या होत्या, त्या बसला असतात तशा उंच. मी मागे उभी राहून दोन्ही हात पुढे धरले. बाबांनी काठी क्लीनरकडे दिली, दाराचा दांडा धरला आणि एक, दोन, तीन, मला हात न लावता चढून गेले. हेच बघायला मी एवढे महिने हौदात राबले होते, म्हणून दार बंद होईपर्यंत मी बघत राहिले.